संग्रहालयातील अभिरक्षक: वस्तूंचा जाणकार की माणसांमधला दुवा?

शिलालेख (धागाकर्ता)

माझ्या भाचीची एका संग्रहालयात साहाय्यक अभिरक्षक (क्युरेटर) म्हणून निवड झाली आहे. नेमणूकपत्रासोबत आलेली कामांची यादी तिने मला वाचायला दिली आणि त्या यादीमुळेच हा धागा काढत आहे. यादीत एकूण चौदा कामे आहेत. प्रदर्शनांच्या कल्पना मांडणे, देणगीदारांशी संपर्क ठेवणे, शाळांसाठी उपक्रम आखणे, समाजमाध्यमांसाठी मजकूर लिहिणे, निरनिराळ्या समाजगटांशी संवाद साधणे, अंदाजपत्रक तयार करणे अशी ती पुढे सरकत जाते, आणि ‘संग्रहातील वस्तूंचा अभ्यास व नोंदी’ हे काम अकराव्या क्रमांकावर येते.

मी संग्रहालयात नोकरी केलेली नाही, पण वाचक आणि अभ्यासक म्हणून अशा संस्थांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. मला भेटलेले जुने अभिरक्षक खापराचा तुकडा हातात घेऊन त्याच्या कडेवरून बोट फिरवत आणि मग तो चाकावरचा की हाताने थापलेला, हे सांगत. त्या माणसांचा अधिकार वस्तूंच्या सखोल ओळखीतून आलेला होता. ‘क्युरेटर’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचा अर्थ काळजी वाहणे असा आहे. ऑक्सफर्डचे ॲशमोलियन संग्रहालय १६८३ साली उघडले, तेव्हा त्याचे पहिले ‘कीपर’ म्हणून नेमलेले रॉबर्ट प्लॉट हे त्याच विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापकही होते. राखणारा हाच जाणणारा असणार, हे त्या काळी गृहीत होते.

याच्या दुसऱ्या टोकाला हाराल्ड झेमान आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथील कुन्स्टहाले या कलादालनाचे संचालकपद त्यांनी १९६९ साली सोडले आणि १९७२ साली जर्मनीतल्या कासेल येथे दर काही वर्षांनी भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’ या आधुनिक कलेच्या महाप्रदर्शनाच्या पाचव्या खेपेची आखणी केली. ज्याच्यापाशी स्वतःचा कोणताही संग्रह नाही आणि जो केवळ प्रदर्शनाचा विचार घडवतो, असा स्वतंत्र क्युरेटर हा पेशा पुढे त्यांच्याच नावाशी जोडला गेला.

माझे दोन प्रश्न आहेत. कामांच्या यादीतला हा क्रम योग्य आहे का? आणि पहिल्या वर्षात एकच गोष्ट नीट शिकायची असेल, तर माझ्या भाचीने कोणती शिकावी?

गवाक्ष

शिलालेख, तुमच्या भाचीचे मनापासून अभिनंदन. मी एका मध्यम आकाराच्या संग्रहालयात सव्वीस वर्षे अभिरक्षक होतो आणि आता निवृत्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पूर्वीचा अभिरक्षक केवळ अभ्यास करीत बसे, हा समज खरा नाही. मी रुजू झालो तेव्हा वस्तू दाखल करून घेणे, तिच्यावर क्रमांक घालणे, तिला कपाटात जागा देणे, कीड लागली तर औषध मारणे, फलक लिहिणे आणि पाहुण्यांना दालने दाखवणे हे सगळे एकच माणूस करीत असे. पुढे त्या एका माणसाचे काम अनेकांत वाटले गेले. उसनवारी, विमा आणि नोंदी यांसाठी नोंदणी अधिकारी आले, जतनासाठी रसायनशास्त्र शिकलेले संवर्धक आले, शाळांसाठी शिक्षण विभाग आला आणि मांडणीसाठी रचनाकार आले.

या वाटणीने वस्तूंचे फार भले झाले, हे मी आधी सांगितले पाहिजे. आमच्या आधीच्या पिढ्यांनी कातडी, पिसे आणि लोकर यांना कसर लागू नये म्हणून आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे जगभर सर्रास वापरली. हेतू जपण्याचाच होता, पण आज त्या वस्तू हातमोज्यांवाचून हाताळता येत नाहीत. विधींत वापरायचे मुखवटे आणि वस्त्रे मूळ समाजांकडे परत जातात, तेव्हा ती अंगावर चढवली तर ते विष त्वचेला लागण्याचा धोका असतो. कापड आणि कागद यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये, ही शिस्तही मला एका संवर्धकाने शिकवली. त्याआधी दालन प्रसन्न दिसावे म्हणून आम्ही खिडक्या उघड्या ठेवीत होतो आणि त्यात काही कापडांचे रंग कायमचे उडाले. त्याचे मला आजही वाईट वाटते.

गमावले ते वेगळेच. पूर्वी दिवसातून दहा वेळा कपाट उघडले जाई. माझ्या शेवटच्या पाच वर्षांत मी वस्तू कमी आणि त्यांची छायाचित्रे जास्त पाहिली. भांडे हातात घेतल्यावर ते अपेक्षेपेक्षा हलके लागते आणि तिथून प्रश्न सुरू होतो; छायाचित्रावरून तो प्रश्न पडतच नाही. तेव्हा यादीतला अकरावा क्रमांक मलाही खटकतो, परंतु उरलेली तेरा कामे अनावश्यक आहेत, असे मी म्हणणार नाही.

वाटाड्या

मी केवळ प्रेक्षक आहे. माझी तक्रार एवढीच, की जुन्या जाणकारांनी लिहिलेले फलक मला कधीच समजले नाहीत. काळ, शैली, धातू आणि क्रमांक एवढेच लिहिलेले असे. ती वस्तू कोणी आणि कशासाठी वापरली, हे नसे. आता फलक साठ-सत्तर शब्दांत काहीतरी सांगतात आणि मी थांबून वाचतो. तो बदल ज्यांनी घडवला, त्यांच्याविषयी मला कृतज्ञता वाटते.

सप्तपर्णी

या चर्चेत नेहमी कला आणि पुरातत्त्व यांचीच उदाहरणे येतात, म्हणून मी निसर्गविज्ञानाच्या बाजूने लिहिते. मी एका विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहाचे काम पाहते. हा संग्रह जिवंत प्राण्यांचा नसून कातड्यांचा, हाडांचा आणि बाटल्यांचा आहे.

आमच्याकडे ‘एवढी एकसारखी अंडी कशाला ठेवता’ हा प्रश्न प्रत्येक नवा प्रशासक विचारतो. त्याचे उत्तर १९६७ साली ब्रिटिश निसर्गअभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी देऊन ठेवले आहे. बहिरी ससाण्यांची (पेरेग्रिन फाल्कन) आणि इतर काही शिकारी पक्ष्यांची संख्या ब्रिटनमध्ये घसरत होती. रॅटक्लिफ यांनी संग्रहांत साठवलेली अनेक दशकांची अंडी तपासली आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांची कवचे पातळ होत गेल्याचे दाखवले. डीडीटीसारखी कीटकनाशके त्यामागे होती. ज्यांनी त्यांतली जुनी अंडी गोळा केली, त्यांच्या काळी हे रसायन शेतात आलेलेही नव्हते. अंड्यावर तारीख आणि ठिकाण लिहिलेले होते, म्हणूनच हे शक्य झाले. चिठ्ठी नसलेल्या अंड्याचा त्या अभ्यासाला उपयोग झाला नसता.

दुसरे उदाहरण १९९३ सालचे आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हंताविषाणूमुळे तरुण, धडधाकट माणसे अचानक दगावू लागली आणि हा विषाणू नवा आहे का, अशी भीती पसरली. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात उंदरांच्या ऊतींचे नमुने त्याआधीच्या वर्षांपासून गोठवून ठेवलेले होते. त्यांत तो विषाणू सापडला आणि तो त्या भागातल्या उंदरांत आधीपासूनच होता, हे कळले.

म्हणून अभिरक्षकाचे काम बदलले आहे, असे मी म्हणते तेव्हा मला वेगळा बदल अभिप्रेत असतो. उद्या कोण कोणता प्रश्न विचारील, हे आपल्याला माहीत नाही, हे आज आम्हाला पूर्वीपेक्षा स्पष्ट कळते. त्यामुळे एका नमुन्यासोबत ऊती, छायाचित्र, नेमके स्थान, आसपासची वनस्पती असे सर्व जोडून ठेवावे लागते. शिलालेख यांच्या यादीतले अकरावे काम आमच्याकडे पहिले आहे आणि पहिलेच राहील.

मृद्गंध

सप्तपर्णी, तुमचा प्रतिसाद फार आवडला. पण ससाण्याचे अंडे आपली बाजू मांडायला येत नाही. माणसांनी घडवलेल्या वस्तूंच्या बाबतीत ती वस्तू ज्यांची आहे ते लोक जिवंत असतात, दालनात येतात आणि फलक वाचतात. खरा बदल तिथून सुरू झाला, असे मला वाटते.

१९८९ साली टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियममध्ये ‘इन्टू द हार्ट ऑफ आफ्रिका’ हे प्रदर्शन उघडले. कॅनडाच्या सैनिकांनी आणि धर्मप्रसारकांनी आफ्रिकेतून आणलेल्या वस्तू त्यात होत्या, आणि त्या गोळा करणाऱ्यांची वसाहतवादी दृष्टी उघडी पाडावी, हा मांडणीचा प्रामाणिक हेतू होता. त्यासाठी त्या काळातले तुच्छतादर्शक शब्द अवतरणचिन्हांत दिले होते. अभ्यासकांना त्या चिन्हांचा अर्थ लगेच कळला. शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांना मात्र भिंतीवर आपल्या पूर्वजांचा अपमान आणि घोड्यावरचा ब्रिटिश सैनिक झुलू योद्ध्याला भोसकत असल्याचे मोठे चित्र दिसले. महिनोन्‌महिने निदर्शने झाली, ज्या संग्रहालयांत हे प्रदर्शन पुढे जायचे होते त्यांनी ते नाकारले, आणि संग्रहालयाने २०१६ साली जाहीर माफी मागितली. ज्ञानाची तिथे कमतरता नव्हती. ज्यांच्याविषयी ते ज्ञान होते, त्यांच्यापैकी पुरेसे कोणी आखणीच्या वेळी समोर बसलेले नव्हते.

याच्या शेजारी १९९२ सालचे बाल्टिमोरमधले उदाहरण ठेवा. मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहातून नवी मांडणी करायला फ्रेड विल्सन या कलावंताला बोलावले होते. त्यांनी बाहेरून काहीही आणले नाही. ‘धातुकाम, १७९३–१८८०’ अशा साध्या शीर्षकाखाली त्यांनी चांदीची नक्षीदार पात्रे मांडली आणि त्यांच्या मधोमध, त्याच काचेच्या पेटीत, गुलामांच्या पायांतल्या लोखंडी बेड्या ठेवल्या. दोन्ही वस्तू त्या संस्थेपाशी आधीपासून होत्या. एक दालनात होती आणि दुसरी कोठारात. कोणती वस्तू कुठे राहील, हा निर्णय अभिरक्षक रोज घेत असतो. तो निर्णय तटस्थ वाटत असला, तरी त्यामागे माणूस असतो, हे त्या एका पेटीने जितके स्पष्ट केले तितके शंभर लेखांनी झाले नसते.

जुनी वही

मृद्गंध यांच्या दोन्ही उदाहरणांशी मी सहमत आहे, पण त्यांतून आज काढला जाणारा निष्कर्ष मला मान्य नाही. ‘आता प्रत्येकजण क्युरेटर आहे’ असे वाक्य परिसंवादांत वारंवार ऐकू येते. गाण्यांची यादी, कपड्यांचे दुकान आणि सुट्टीतला प्रवास हेही ‘क्युरेट’ होऊ लागले आहेत. निवड करणे म्हणजेच अभिरक्षण, हा अर्थ एकदा पक्का झाला की राखण्याचे उत्तरदायित्व अलगद गळून पडते. प्रदर्शन संपल्यावर निवड करणारे घरी जातात. वस्तूची जबाबदारी मात्र पुढची शंभर वर्षे कोणाची तरी असावी लागते. तज्ज्ञाच्या चुका झाल्या म्हणून तज्ज्ञताच संशयास्पद ठरवणे हे मला धोक्याचे वाटते.

मृद्गंध

जुनी वही, उत्तरदायित्वाचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण सहभाग म्हणजे तज्ज्ञतेला रजा, असे होत नाही. मँचेस्टर म्युझियममध्ये २०२३ साली दक्षिण आशियाविषयीचे दालन उघडले, ते तीस जणांच्या गटाने संग्रहालयातल्या लोकांसोबत मिळून घडवले. बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टने २०२२ साली एक प्रदर्शन सतरा सुरक्षारक्षकांकडून निवडून घेतले. जे लोक त्या चित्रांसमोर दिवसभर उभे राहतात, त्यांच्याइतका वेळ कोणत्याही अभिरक्षकाने ती चित्रे पाहिलेली नसतात. त्या रक्षकांना नुसती निवड करायला सांगून मोकळे सोडलेले नव्हते. संशोधन, मांडणी, जतन आणि फलकलेखन या सगळ्यांत संग्रहालयाची माणसे त्यांच्या सोबत होती. अशा वेळी अभिरक्षकाचे काम कमी होत नाही, उलट वाढते, कारण स्वतःला माहीत असलेले दुसऱ्याला वापरता येईल अशा रूपात द्यावे लागते.

न्यूझीलंडचे ‘ते पापा’ हे संग्रहालय १९९८ साली उघडले, तेव्हापासून तिथे माओरी या मूळ रहिवासी समाजाचा सहभाग संस्थेच्या रचनेतच गुंफलेला आहे. वस्तूचा ज्या जमातीशी संबंध आहे, तिचे त्या वस्तूविषयीचे ज्ञान हेही तिथे तज्ज्ञतेचेच एक रूप मानले जाते. माझा आग्रह इतकाच आहे.

गवाक्ष

इथे एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती आमच्या पेशाला भूषणावह नाही. पूर्वी अभिरक्षकाचे मोठेपण त्याने संग्रहात काय आणले यावर मोजले जाई. वस्तू अप्रतिम असली तर ती कुठून आली, हे फार खोलात जाऊन विचारले जात नसे. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९७२ साली युफ्रोनियॉस या ग्रीक चित्रकाराच्या हातचा मोठा कुंभ विकत घेतला, तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला होता. तो इटलीतल्या कबरीतून चोरून खणून काढलेला होता, आणि २००८ साली तो इटलीला परत गेला. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ साली घेतलेली चोळकालीन नटराजाची मूर्ती तमिळनाडूतल्या श्रीपुरंदन गावच्या मंदिरातून चोरलेली निघाली आणि २०१४ साली भारतात परत आली. तिच्यासोबत दिलेली मालकीची कागदपत्रे खोटी होती.

युनेस्कोचा सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविषयीचा करार १९७० सालचा आहे, पण त्याची धार रोजच्या कामात जाणवायला कितीतरी वर्षे गेली. आज आलेल्या प्रत्येक वस्तूसाठी मालकीची साखळी तपासावी लागते, आणि जुन्या संग्रहासाठीही तेच काम उलट दिशेने करावे लागते. जहाजांच्या याद्या, लिलावांच्या सूची, लष्करी अधिकाऱ्यांची पत्रे हे आता अभिरक्षकाचे वाचन झाले आहे. १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यातून लुटलेल्या पितळी शिल्पांपैकी काही जर्मनीने २०२२ साली नायजेरियाला परत दिली. त्यांची ओळख पटवणे, त्यांच्या नोंदी जुळवणे हे सारे कोणीतरी टेबलाशी बसून केलेले आहे. अमेरिकेत मूळ निवासी समाजांच्या पवित्र वस्तू आणि पूर्वजांचे अवशेष यांविषयी १९९० पासून कायदा आहे. त्याचे नवे नियम जानेवारी २०२४ पासून लागू झाले, आणि अशा वस्तू मांडण्याआधी त्या समाजाची संमती घेणे बंधनकारक झाले. त्याच महिन्यात न्यू यॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने आपली दोन मोठी दालने बंद केली.

वस्तू परत देण्याची तयारी करणे हेही माझ्या कामात येईल, असे मी रुजू होताना कोणी सांगितले असते, तर मला ते पटले नसते. शेवटच्या वर्षांत एक वस्तू परत करण्याच्या कागदांवर मी स्वतः सही केली. ती बांधताना हात जड झाले होते, पण निर्णय योग्य होता याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

दीपमाळ

संगणकाच्या बाजूने थोडे. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१० साली ईमेलच्या पत्त्यातले ‘ॲट’ हे चिन्ह आपल्या रचनाविषयक संग्रहात घेतले आणि २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम घेतले. ॲटच्या चिन्हाला कपाट लागत नाही आणि ते कोणाच्या मालकीचेही होत नाही. मग ‘राखणे’ म्हणजे नेमके काय? गेमच्या बाबतीत उत्तर कठीण आहे, कारण ज्या यंत्रावर तो चालतो ते यंत्र, गेमची आज्ञावली (कोड) आणि खेळण्याचा अनुभव या तिन्हींचा विचार करावा लागतो. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ साली आपल्या चित्रांच्या उत्तम प्रतिमा सर्वांना मोफत वापरायला खुल्या केल्या, आणि मेट्रोपॉलिटनने २०१७ साली पावणेचार लाखांहून अधिक प्रतिमांबाबत तेच केले. त्यानंतर प्रेक्षक संग्रहालयाच्या निवडीवर पूर्वीइतका अवलंबून राहिला नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या नॅशर म्युझियमने २०२३ साली चॅटजीपीटीकडून प्रदर्शनाची आखणी करून घेतली. तिथल्या लोकांनी ते प्रयोग म्हणूनच मांडले, हे मला आवडले. यंत्राने विषय सुचवला, वस्तू निवडल्या, मजकूरही लिहिला. पण काही वस्तूंना त्यांच्याशी न जुळणारी नावे दिली. यंत्राकडे संग्रहाच्या नोंदी होत्या, वस्तू नव्हत्या. नोंद अपुरी असेल तर तिच्यावर चढवलेली हुशारीही अपुरीच राहते, आणि हे माणसालाही लागू आहे.

वाटाड्या

शब्दांविषयी एक शंका. आपण मराठीत ‘अभिरक्षक’ म्हणतो, काहीजण ‘संग्रहपाल’ म्हणतात आणि बोलताना सगळेच ‘क्युरेटर’. यांतला योग्य कोणता?

शिलालेख

‘अभिरक्षक’ या शब्दात रक्षणाचा भाग ठसठशीत आहे, अर्थ लावण्याचा नाही. ‘संग्रहपाल’ मला अधिक जवळचा वाटतो, कारण पालनात वाढवणेही येते. वरच्या प्रतिसादांतली कामे पाहता हे दोन्ही शब्द संग्रहाच्या आत थांबतात आणि दालनात आलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणूनच बोलण्यात ‘क्युरेटर’ टिकून राहिला असावा.

जुनी वही

दीपमाळ यांच्या शेवटच्या वाक्यावरून मूळ प्रश्नाकडे येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने आपल्या कोठारातून वस्तू चोरीला गेल्याचे, हरवल्याचे आणि काहींची मोडतोड झाल्याचे जाहीर केले. तो आकडा पुढे दोन हजारांच्या आसपास सांगितला गेला. दागिन्यांतले कोरीव खडे, सोन्याचे लहान तुकडे अशा त्या वस्तू होत्या. बाहेरच्या एका व्यापाऱ्याने २०२१ सालीच धोक्याची सूचना दिली होती. संचालकांना पद सोडावे लागले. या साऱ्यात मला सर्वांत दुखलेली गोष्ट अशी, की त्यांतल्या पुष्कळ वस्तूंची स्वतंत्र नोंदच झालेली नव्हती. सुमारे ८० लाख वस्तूंचा संग्रह असलेल्या, १७५३ साली स्थापन झालेल्या संस्थेत हे घडले. ज्या वस्तूची नोंद नाही, ती गेली हे सिद्ध कसे करणार आणि सापडली तर आपली म्हणून मागणार कशी? त्यानंतर संपूर्ण संग्रहाच्या नोंदी पाच वर्षांत संगणकावर आणण्याची योजना त्यांनी जाहीर केली.

आता मृद्गंध यांच्या बाजूने पाहू. एखादा समाज आपली वस्तू मागायला आला, तरी पहिला प्रश्न ‘तुमच्याकडे आमचे काय काय आहे’ हाच असतो, आणि त्याचे उत्तरही नोंदवहीतच असते. सप्तपर्णींच्या अंड्यांचे मोल चिठ्ठीमुळे, गवाक्ष यांचा नटराज खोट्या कागदांमुळे फसवणारा, आणि फ्रेड विल्सन यांना बेड्या सापडल्या त्या कोठारात जपलेल्या होत्या म्हणून. शिलालेख, यादीत हे काम अकराव्या क्रमांकावर टाकणाऱ्यांना बहुधा ते कारकुनी वाटत असावे. उरलेली तेरा कामे त्याच्याच जोरावर चालतात.

मृद्गंध

अनुमोदन, पण एक पुरवणी जोडू द्या. नोंदवहीसुद्धा कोणीतरी लिहिलेली असते. राइक्सम्युझियमने २०१५ साली आपल्या संग्रहातील वर्णनांतले तुच्छतादर्शक शब्द बदलायला घेतले, तेव्हा चित्रांतल्या ज्या माणसांना केवळ वंशवाचक शब्दाने ओळखले जात होते, त्यांच्याविषयी नव्याने लिहावे लागले. जुनी शीर्षके मात्र त्यांनी अभिलेखांतून पुसून टाकली नाहीत. नोंद जपायची आणि तिच्यावर प्रश्नही विचारायचे, ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीला येणे मला आवश्यक वाटते.

सप्तपर्णी

आमच्याकडेही जातीचे नाव बदलले की नवी चिठ्ठी जुनीच्या जोडीला बांधतो, जुनी काढत नाही. एका कातड्याच्या पायाला पाच चिठ्ठ्या आहेत आणि सर्वांत जुनी सर्वांत उपयोगी आहे.

शिलालेख

सर्वांचे आभार. भाचीने हा धागा पूर्ण वाचला. तिचा पहिला महिना संपला आहे आणि वरिष्ठांनी तिला चौदांपैकी नऊ कामे लगेच सोपवली आहेत. तरीही ती रोज सकाळी पहिला तास जुन्या दाखल-नोंदवहीसाठी राखून ठेवते.

तिचा एक प्रश्न आहे आणि तो गवाक्ष यांच्यासाठी आहे. नोंदवहीत एका वस्तूपुढे ‘जुने भरतकाम, फाटके, एका बाईकडून’ एवढेच लिहिलेले आहे. मागच्या आठवड्यात कोठार पाहायला आलेल्या एका वृद्ध स्त्रीने त्या टाक्याला त्यांच्या घरात काय म्हणत, तो कोणत्या प्रसंगी घालत आणि उलट्या बाजूने का सुरू करत, हे सगळे सांगितले. भाचीने ते कागदावर उतरवून घेतले. पण नोंदवहीत ‘कोणी सांगितले’ असा रकानाच नाही. हे कुठे लिहायचे? आणि आधीच्या ओळीचे काय करायचे?

गवाक्ष

आधीची ओळ जशी आहे तशी राहू द्यावी. चुकीची ठरली तरी तिच्यावरून एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचे अक्षर वाचता येते. खरवडू नये आणि पांढरा रंग लावू नये. इथे तर ती चुकीचीही नाही, फक्त अपुरी आहे. शेऱ्याच्या रकान्यात टिकाऊ शाईने पुरवणी-नोंदीचा क्रमांक घालावा, शेजारी आपली आद्याक्षरे आणि तारीख लिहावी. पुरवणी-नोंद वेगळ्या कागदावर करून तो कागद त्याच क्रमांकाने जोडावा, आणि संगणकातल्या नोंदीतही तोच क्रमांक द्यावा.

त्या बाईंना पुन्हा बोलवावे. लिहून घेतलेले त्यांना वाचून दाखवावे, आणि त्यांची संमती असेल तर त्यांचे पूर्ण नाव लिहावे. टाक्याचे नाव त्या जसे उच्चारतात तसेच लिहावे, प्रमाण रूप करू नये. शक्य झाले तर तो टाका त्यांना एका कोऱ्या कापडावर घालायला सांगावा, आणि ते कापडही दाखल करून घ्यावे. त्या वेळी देणाऱ्याच्या रकान्यात ‘एका बाईकडून’ असे लिहिले जाणार नाही, याची तिने काळजी घ्यावी.